राखणदाराची वीस मिनिटं

खारघरला, चौथ्या मजल्यावर,
मेणाच्या ठोकळ्यातून मी माणूस कापते.
तीन मायक्रॉन. कांद्याचा पापुद्रा लाजेल इतका.
कोमट पाण्यावर तो तरंगतो, सुरकुत्या सोडतो,
मग काचेवर उचलायचा, तांदळाची भाकर उचलावी तसा,
खालून, हात न थरथरता.

तळोज्याची फरहीन नवी आहे.
भिंगाला डोळा लावून म्हणाली,
ताई, सगळी केंद्रकं तपकिरी, चहा सांडल्यासारखी.
म्हणजे राखणदार भरपूर. चांगलंच की.

मी म्हटलं, बस.

निरोगी पेशीत हे प्रथिन जवळपास दिसत नाही.
पेशी ते घडवते, सारखं घडवते,
आणि वीसेक मिनिटांत मोडून टाकते.
त्याच्या पाठीशी दुसरं एक उभंच असतं
मोडीत काढायचा शिक्का घेऊन.
हा शिक्केवालाही राखणदारानेच कामाला लावलेला.
स्वतःचा मारेकरी स्वतः पोसायचा,
नाहीतर जागून जागून तोच घर खाईल.

एवढी उधळपट्टी?

तयारी म्हण.
धागा तुटतो. ऊन, धूर,
किंवा काहीच नाही, नुसती नक्कल करताना झालेली चूक.
तेव्हा राखणदाराच्या अंगावर एक खूण चढते,
शिक्केवाल्याची पकड सुटते,
मोडायचा तो मोडत नाही, साठत जातो,
आणि वाटेत हात आडवा धरतो. थांब.
आधी सांध, मग नक्कल.
सांधलं तर जा.
नाहीच सांधलं तर पेशीला सांगतो, आता आवर.
ती आवरते. आवाज न करता.
शेजारणी तिचं सामान वाटून घेतात.

माझे बाबा उघाडीवर होते.
पनवेलच्या खाडीला आमचा बांध, आता भरावाखाली आहे.
भरतीला फळी खाली, ओहोटीला वर,
आणि मधल्या वेळात बांधावरून अनवाणी चालणं.
खेकडा बीळ पाडतो, करंगळीएवढं.
बाबांना ते टाचेला कळायचं, ओल कुठे बदलली ते.
वाकायचे, चिखलाचा गोळा दाबायचे, पुढे.
जोळातली माणसं म्हणायची,
हिराजी करतो काय? निस्ता फिरतो.
खांड पडली नाही, म्हणून कोणाला काही दिसलं नाही.
या आजाराला खेकड्याचं नाव का,
ते मला कुठल्या वर्गात शिकवावं लागलं नाही.

मग हे तपकिरी?
फरहीनचा चहा निवला होता.

हा राखणदार बिघडलेला आहे.
एका अक्षराची चूक, आणि हाताची बोटं वाकडी.
त्याला धागा धरता येत नाही.
धागा धरता येत नाही म्हणून शिक्केवाला घडवता येत नाही,
म्हणून त्याला मोडायला कोणी येत नाही.
म्हणून तो साठलाय.
उघाडीवर माणसंच माणसं,
फळीला हात एकाचाही नाही
आणि भरती आत.

ती काही बोलली नाही.
स्लाइड हळूच सरकवत कडेला नेली,
जिथे गाठ संपते आणि साधी पेशीवस्ती सुरू होते.
निळं. निळं. निळं.
मग थांबली. इथे एक आहे, अगदी फिकट.
हा कामावर आहे?

असावा.
वीस मिनिटांत गेलाही असता,
आपण त्याला मेणात धरून ठेवला नसता तर.

तिने काचेवर पेन्सिलीने नंबर पुन्हा गिरवला.
नाव आम्हाला कळत नाही.
मी पातं बदललं,
पुढचा ठोकळा बर्फावर ठेवला.